उभ्या माणसांचं दुकान

कापडाच्या दुकानात माणसं बसून काम करायची, हे आता नव्या मुलींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. अकोल्याच्या आमच्या जुन्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी होती. मागे लोड, आणि गादीवर मांडी घालून बसलेले सेल्समन. गिऱ्हाईकही चपला काढून समोर बसायचं. साडीची घडी मोडायची, पदर मांडीवरून पलीकडे टाकायचा, नाही आवडली की बाजूला सारायची. संध्याकाळी साड्यांच्या ढिगातून माणसांची फक्त डोकी वर दिसायची. मी तेव्हा त्याच मालकांच्या अमरावतीच्या दुकानात बिलिंगला होते. अकोल्याला अधूनमधून कामानिमित्त चक्कर व्हायची, तेव्हा हे पाहिलेलं.

दुकानं मोठ्या शेठची. ते थकले तसा मुलानं कारभार हाती घेतला. त्यांना सगळे छोटे शेठ म्हणत. पुण्याला शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता, आणि हे मला आधीच सांगायचं आहे. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. दिवाळीची मिठाई स्वतःच्या हातानं वाटायचे. माझ्या मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा सगळ्यात पहिला फोन त्यांचा होता. शिव्या देणारा मालक असता तर माझं काम सोपं झालं असतं. शिव्या देणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देता येतात.

त्यांनी अकोल्यात मोठ्या रस्त्यावर नवी जागा घेतली. काचेची, उंच, सरकता जिना असलेली. जुनं दुकान बंद करून सगळा माल आणि सगळी माणसं तिकडे न्यायची ठरली. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, नव्या शोरूमच्या मॅनेजर तुम्ही."

मी म्हटलं, "शेठ, अकोल्यात माझ्याहून जुनी माणसं आहेत."

"जुनी आहेत हाच तर प्रॉब्लेम आहे. ती कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही बोलता छान."

मला आनंद झाला. का होऊ नये? माझी आई शेंदूरजनाघाटच्या पॅकिंगच्या शेडमध्ये संत्री निवडायची. आमच्या घरात दाराला आपल्या पदाची पाटी असलेली बाई मी पहिली. नवऱ्याची शाळा भातकुलीकडे, त्यामुळे बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. मी अपडाऊन करायचं ठरवलं. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. आपण बोलतो छान, एवढंच डोक्यात घेऊन मी त्या गाडीत बसत होते.

जुन्या दुकानातल्या माणसांना बातमी सांगायची होती. मी शेठना म्हटलं, "तुम्ही या. मालकाच्या तोंडून ऐकलं की लोकांना बरं वाटतं."

ते म्हणाले, "मी आलो तर घाबरतील. तुम्हीच सांगा. कुणाला काढणार नाही, कुणाचा पगार कमी करणार नाही, आणि जे काही करू ते विचारून करू. माझा शब्द."

मग मी गेले. दुकान उघडायच्या आधी सगळे गादीवर बसले होते. मीही चपला काढून त्यांच्यासमोर बसले आणि शेठचा शब्द जसाच्या तसा सांगितला. मधोमध बसले होते तेल्हाऱ्याचे काका. ते मूळचे तेल्हाऱ्याचे म्हणून सगळे तसं म्हणत. दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि डोळ्यांत कायम एक हिशोबी हसू. मला ते आवडत नव्हते. उत्तम माल गादीखाली दाबून ठेवायचे आणि आपल्या ओळखीच्या गिऱ्हाइकालाच दाखवायचे. मी मॅनेजर होणार हे कळलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता साड्या बाया विकनार, आन आमी नेसनार."

त्यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचारलं, "तठी बसाचं कसं हाय, म्याडम?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. मग मी म्हटलं, "मला माहीत नाही काका. विचारून सांगते."

काकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे बरं केलं. नाई माईत त नाई माईत म्हनाव. लोकं उगाच हो हो म्हनते."

त्या संध्याकाळी शेठनी फोनवर विचारलं, "काय म्हणाले लोक?" मी म्हटलं, "बसायचं काय, असं विचारत आहेत." ते म्हणाले, "ते डिझाइनवाले पाहतील."

शोरूम सुरू होण्याआधी एका हॉटेलच्या हॉलमध्ये ट्रेनिंग ठेवलं होतं. पुण्याहून एक सर आले. बदलाला घाबरणाऱ्या माणसांना बदल आवडायला लावणं हा त्यांचा धंदा. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, हाताची घडी घालायला लावली, मग ती उलटी घालायला लावली. "काय वाटलं? अवघड वाटलं ना? बस, बदल एवढाच असतो!" मग पडद्यावर अळी दाखवली, कोष दाखवला, फुलपाखरू दाखवलं. ज्यांनी आयुष्यभर गादीवर बसून कापड विकलं ती पन्नाशीची माणसं त्या पंखांकडे पाहत होती. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आत एसीनं त्यांच्या अंगावर काटा आलेला.

काकांनी हात वर केला आणि उठून उभे राहिले. "सर, फुलपाखरू किती दिस जगते?"

सर हसून म्हणाले, "फार नाही. थोडेच दिवस. पण काय सुंदर जगतं!"

"मंग अळीच बरी," काका म्हणाले आणि खाली बसले.

हॉलमध्ये हशा पिकला. सरही हसले. नंतर चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "या माणसावर लक्ष ठेवा, मॅडम. प्रत्येक संस्थेत एक असा असतो. तो इतरांना मागे ओढतो." मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. काकांचा मला राग होता, त्याला सरांनी एक प्रतिष्ठित नाव दिलं होतं.

शोरूम उघडली. उद्घाटनाला अर्धं अकोला आलं. काच, झगमगाट, गिऱ्हाइकांसाठी मखमली सोफे. काउंटर छातीएवढे उंच. त्यामागे आमची माणसं सारख्या रंगाच्या टी-शर्टमध्ये, छातीवर बिल्ला. आणि काउंटरमागे बसायला काहीही नाही. डिझाइनवाल्यांनी पाहिलं होतं ते हे.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात पाय बोलायला लागले. गुळगुळीत टाइल्सवर दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बायका काउंटरमागे चपला काढून एक पाय दुसऱ्या पायावर ठेवायच्या. पुरुष कपाटाला पाठ टेकायचे, कॅमेऱ्याची आठवण झाली की ताठ व्हायचे. जुन्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणारी फॉल-पिकोवाली ताई होती. मशीन गेलं आणि तिलाही काउंटरवर उभं केलं होतं. एक दिवस शेठनी मला विचारलं, "स्टाफ बाथरूममध्ये इतका वेळ का घालवतो?" मी ताईला विचारलं. ती खाली पाहत म्हणाली, "मॅडम, बसाले जागा तेवडी एकच उरली न."

हे मी शेठना जसंच्या तसं सांगितलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, मला दिसलं. म्हणाले, "बघू काहीतरी." आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारावर नजर राहील असा एक कॅमेरा लागला.

शोरूमच्या सगळ्या माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. 'आपला परिवार'. एके दुपारी त्यावर शेठकडून फोटो आला. कॅमेऱ्यातून काढलेला. गिऱ्हाईक नसताना तेल्हाऱ्याचे काका मखमली सोफ्यावर बसले आहेत, डोळे मिटलेले, एक चप्पल पायातून सुटलेली. त्यांच्याभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, 'आपल्या परिवारात हे शोभत नाही', आणि पुढे हात जोडल्याचं चिन्ह. त्याखाली एकामागून एक अंगठे उमटायला लागले. ज्यांचे स्वतःचे पाय सुजले होते त्यांचेही अंगठे. न उमटवून करतात काय? कुणी उमटवला नाही हेही दिसतंच की.

काकांकडे साधा फोन होता. कुणीतरी नेऊन दाखवला. मी काउंटरपाशी गेले तेव्हा ते साड्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "फोटो त चांगला आला, म्याडम. घरी लावतो."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा काकांबद्दल राग सोडून दुसरं काही वाटलं.

मी एका सुताराकडून स्टुलं करून घेतली. साधी, बुटकी, काउंटरमागे बसली की बाहेरून दिसणार नाहीत अशी. शेठना विचारलं नाही. मॅनेजर म्हणून एवढं तरी आपल्या हातात असेल असं मी धरून चालले. स्टुलं आली तेव्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हटलं, "प्रत्येकाला एक नाही मिळणार. कसं करायचं ते तुम्ही ठरवा."

जरा वेळ भांडणं झाली. मग काकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या जिभेला सगळे भीत, ती भीती इथं कामाला आली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचं, दाराशी कुणी दिसलं की उठायचं, आणि ज्या बाईचे पाय दुखतात तिला आधी. "जो नंबर तोडन त्याले मी त्या सोफ्यावर बसोतो, फोटो काढतो," असं त्यांनी जाहीर केलं. नियम एकदाही मोडला नाही. ज्या माणसावर लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं, त्यानं ती घडी नीट बसवली. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी चालवतो आहोत. माणसं घरून डबा आणताना माझ्यासाठी ठेचा आणायची. काका गादीखाली माल दाबायचे ते इथं कपाटामागे दाबायचे. मी ओरडायचे, ते ऐकायचे नाहीत. हेही चालू होतं.

दिवाळीची गर्दी जोरात झाली. धनत्रयोदशीच्या आधी शेठ येऊन गेले. काउंटरमागे वाकून त्यांनी स्टुलं पाहिली. सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे वा. घरगुती वाटतं एकदम." ताईनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

भाऊबीज झाल्यावर मी आले तर स्टुलं नव्हती. सकाळीच टेम्पो येऊन गोदामात घेऊन गेला होता.

मी थेट अमरावतीला केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाले, "बसा ना, मॅडम."

मी उभीच राहिले. "स्टुलं का नेली?"

"शोरूममध्ये उभा माणूस ॲक्टिव्ह दिसतो. बसलेला माणूस म्हणजे पुन्हा जुनं दुकान."

"स्टुलं होती तेव्हा विक्री पडली का?"

"नाही पडली. पण मुद्दा तो नाही." त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, सरळ केलं. "आज स्टूल दिलं, उद्या गादी मागतील. बदल असा अर्ध्यात अडकतो. तुम्ही तर आपल्या बदलाचा चेहरा आहात. तुम्हीच मागे वळून पाहायला लागलात तर कसं?"

'तुम्हाला बदल नको आहे का?' असं कुणी विचारलं की माणूस गडबडतो. मला काचेचं दुकान हवं होतं, एसी हवा होता, बारकोड तर मी स्वतः शिकवला होता सगळ्यांना. तेल्हाऱ्याच्या काकांनाही मशीन चालवायला आलं होतं, कुरकुरत का होईना. कुणालाही जुनं दुकान परत नको होतं. आम्हाला फक्त बसायचं होतं. पण शेठच्या मनात बसणं आणि जुनं दुकान ही एकच गोष्ट होती, आणि ते वेगळं करून दाखवायला माझ्याजवळचे शब्द पुरले नाहीत. बोलते छान म्हणून ज्या बाईला नेमलं होतं, तिची ही गत.

घरी आईला सांगितलं. ती म्हातारी होऊन आमच्याकडे राहायला आली होती. भाजी निवडत ऐकत होती. मी म्हटलं, "आई, तिथं माणसाला दिवसभर बसू देत नाहीत."

ती म्हणाली, "आमाले त उठू देत नव्हते." आणि मेथीची काडी मोडली.

दिवाळीनंतर बदल्या सुरू झाल्या. शेठ एकेकाचं नाव मला फोनवर सांगायचे. अकोल्याची माणसं अमरावतीच्या दुकानात, काही दुसऱ्या गावात उघडलेल्या दुकानात. सगळी नावं जुन्या दुकानातली, सगळी उतार वयाची. कुणाला काढलं नव्हतं. कुणाचा पगार कमी केला नव्हता. रोजचा प्रवास सहन होईना म्हणून ज्यांनी नोकरी सोडली, त्यांनी आपल्या मर्जीनं सोडली. 'विचारून करू' एवढं सोडलं तर शब्द अक्षरशः पाळला गेला. तो मीच नेऊन पोचवला होता, म्हणून त्यातली मेख मलाच आधी दिसायला हवी होती असं लोकांनी धरलं. मला ती दिसली नव्हती. शेठना तेव्हाच दिसत होती की पुढे सुचली, हे मला आजही सांगता येणार नाही.

एक दिवस काकांचं नाव आलं. अमरावतीला.

मी म्हटलं, "शेठ, मी अमरावतीची, रोज अकोल्याला येते. ते अकोल्याचे, रोज अमरावतीला जाणार. त्यापेक्षा मला अमरावतीला परत घ्या, हवं तर पुन्हा बिलिंगला बसवा, आणि त्यांना अकोल्यातच राहू द्या. दोघांचा जीव वाचेल."

फोनवर ते मोकळेपणानं हसले. एखाद्या लहान पोरानं काही गोड बोलावं तसे. "मॅडम, मॅडम. तुम्हाला कळलं नाही अजून."

मला कळलं होतं. माणसानं थकून आपणहून जावं म्हणूनच हे चाललंय, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढं मात्र ते बोलले नाहीत.

काकांना सांगायचं कामही माझंच. मी त्यांना माझ्या केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. मी सांगितलं, अदलाबदल मागितली होती तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठनं सोता काहून नाई सांगतलं?"

"ते म्हणतात, माझं तुम्ही ऐकता."

"ऐकतोच न. तुमचा आवाज गोड हाय." ते दाराकडे वळले, मग थांबले. "पाहा म्याडम, शेठवर माहा राग नाई. तो मालक हाय, त्याचं दुकान. पन तुमी मधात काहून उभ्या राहता? तुमी मधात नसत्या त आमी सरळ त्याच्याशी भांडलो असतो. हारलो असतो, पन भांडलो त असतो."

मी म्हटलं, "मी भांडले काका. तुमच्यासाठीच भांडले."

"आमच्यासाठी भांडल्या," ते म्हणाले, "आमाले घेऊन नाई भांडल्या."

त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं असं मी आजही मानत नाही. तीस माणसं घेऊन केबिनमध्ये गेले असते तर तीसच्या तीस बदल्या एकदम झाल्या असत्या. पण ते वाक्य गेलं नाही. मॅनेजर मधला माणूस असतो, वरचं खाली सांगणारा. खालचं वर सांगायची सोय त्याच्या नेमणुकीतच नसेल, तर त्यानं कितीही माया लावली तरी तो नुसता भोंगा असतो. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही.

मग काका अमरावतीला जायला लागले. मी पश्चिमेला, ते पूर्वेला, रोज सकाळी. आमच्या गाड्या मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी एकमेकींना ओलांडत असणार. एरवी ते डोक्यातही आलं नसतं. पण एका सकाळी माझी गाडी मूर्तिजापुरात जास्तच थांबली आणि समोरच्या रुळांवर उलटी गाडी येऊन उभी राहिली. तिच्या दारात काका होते. डबा खच्चून भरलेला, आत शिरायला जागा नव्हती. ते दांडा धरून, डोक्याला दुपट्टा बांधून उभे. मी खिडकीत बसलेली. त्यांनी मला पाहिलं. मी काय करावं न कळून अर्धवट उठले.

त्यांनी मोकळ्या हातानं खूण केली. "बसा, बसा म्याडम!" ते मोठ्यानं ओरडले. दोन्ही गाड्यांतल्या माणसांनी वळून पाहिलं. "बसा न!"

त्यांची गाडी आधी सुटली.

उन्हाळा लागला तसं त्यांनी कामावर जाणं बंद केलं. राजीनामा दिला नाही, निरोप नाही, नुसते गेले नाहीत. पायाच्या शिरांचं ऑपरेशन झाल्याचं ताईला कुठून तरी कळलं. आम्ही दोघी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. अकोल्यातच, जुन्या वस्तीत, पत्र्याच्या छताखाली कूलर घरघरत होता. काका खाटेवर, पाय उशीवर. खर्रा बंद केला होता, त्यामुळे गाल बसलेले दिसत होते.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेठनं पाठोलं का?"

"नाही."

"मंग काहून आल्या?"

ताईनं सांभाळून घेतलं, इकडचं तिकडचं बोलली. काकूंनी चहा आणला. काकांनी ताईला तिच्या मुलाचं विचारलं, उन्हाचं विचारलं, दुकानाचं एक अक्षर विचारलं नाही. निघताना मी "येते" म्हटलं तर "हो" म्हणाले. पुन्हा या म्हणाले नाहीत. मी पुन्हा गेले नाही.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचं दुकान उघडलं. आमच्या मुली एकेक करून तिकडे जायला लागल्या. पगार सारखाच होता. तिकडे बसायला मिळतं, असं जाताना सांगायच्या. उरलेल्यांतल्या चलाख मुलीही निघायच्या बेतात आहेत असं दिसल्यावर शेठ हलले. स्टीलची, फिरती, गादी असलेली उंच स्टुलं आली. सुताराची ती बुटकी तोवर गोदामात कुठं गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याचे सर पुन्हा आले. या वेळी विषय होता 'कर्मचाऱ्यांची काळजी'. त्याच हॉटेलचा तोच हॉल. फोटोवाला बोलावला होता, शेजारी व्यापारी मंडळी बसली होती.

शेठ माइकवर म्हणाले, "बदल वरून लादून होत नाही. माणसांना सोबत घ्यावं लागतं. आमच्या मॅडमनी ते करून दाखवलं." टाळ्या झाल्या. मला शाल घातली, नारळ दिला. "दोन शब्द बोला, मॅडम. तुम्ही बोलता छान."

मी माइक घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. समोर नव्या मुली, मागच्या रांगेत ताई. जुन्या दुकानातली आता ती एकटीच उरली होती.

मी म्हणाले, "ही स्टुलं पहिली नाहीत. आधीही होती. मी ठेवली होती, आणि ती उचलून नेली. ज्यांच्यासाठी ठेवली होती ती माणसं आज इथं नाहीत, कारण त्यांना लांब पाठवलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बसायचं कसं आहे. तेव्हाच कुणी नीट उत्तर दिलं असतं, तर हा कार्यक्रम करावा लागला नसता. लोक जातात तेव्हा ऐकू येतं. बोलतात तेव्हा येत नाही. एवढंच."

वाटलं, आता नोकरी गेली, आणि जाऊ दे.

शेठनी हसून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. "आमच्या मॅडम एकदम स्पष्ट," ते व्यापाऱ्यांना म्हणाले, "म्हणूनच तर ठेवलंय." कुणीतरी नाश्ता लागल्याचं सांगितलं, आणि माणसं खुर्च्या सरकवत उठली.

काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीनं गेले. मुलीच्या कॉलेजची फी आहे, आईची औषधं आहेत. मी अजून तिथंच आहे, शोरूम जोरात चालते, आणि मुली बसतात.

त्या दिवशी हॉलमध्ये मी आलुबोंड्याची प्लेट घेऊन कोपऱ्यात उभी होते तेव्हा पुण्याचे सर जवळ आले. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. "फार ऑथेंटिक बोललात, मॅडम. ही स्टुलांची गोष्ट मी पुढच्या ट्रेनिंगमध्ये वापरू का?"

मी म्हटलं, "नावं घेऊ नका."

"छे छे," ते म्हणाले, "नावं कशाला."

वापरत असतील.